शिकवण्याची देणगी

शास्त्रपाठ : निर्गम ३५:३०-३५

निवासमंडपाच्या कामाचा वृत्तांत आपण बहुधा भरभर वाचून पुढे जातो. फळ्या, कड्या, पडदे, बैठका यांत मुलांचे मन रमत नाही म्हणून शब्बाथशाळेचे शिक्षकही हे अध्याय टाळतात. परंतु ३४ व्या वचनापाशी थोडे थांबावे. बसालेल यहूदा वंशातला, अहलियाब दान वंशातला. धातू, दगड व लाकूड यांच्या कामाचे कसब देवाने दिले, एवढेच सांगून शास्त्र थांबत नाही. दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही त्यानेच अंतःकरणात घातली, असे तेथे आहे. एका बसालेलाच्या दोन हातांनी मंडप उभा राहिला नसता.

हा भाग मला पुन्हा वाचावा लागला तो आमच्या मंडळीतल्या एका मुलामुळे. अठरा पुरी झालेली, दहावीत दोनदा नापास. त्याला गवंडीकाम शिकायचे होते. वडील मला म्हणाले, “तुम्ही त्याला चार शब्द सांगा. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी झाली. हा आता घमेलं उचलणार काय?” मी सांगायला गेलो. मुलाने सरळ विचारले, “काका, येशूच्या घरी सुतारकी होती हे तुम्हीच शिकवलंत ना?” मी चहा पिऊन परत आलो.

वडिलांची भीती मात्र खोटी नव्हती. बांधकामावर बिगारी म्हणून शिरलेला मुलगा दहा वर्षांनीही बिगारीच राहिलेला आपण पाहतो. त्याला कोणी शिकवत नाही. मिस्त्रीला वाटते, आज थापी हातात दिली तर उद्या हा माझीच मजुरी खाईल. ठेकेदाराला आजचे काम उरकायचे असते. मुलगा पाहून पाहून हात चालवायला शिकतो, पण कारण त्याला कळत नाही. कोरडी वीट सिमेंटच्या मालातले पाणी शोषून घेते व माल कच्चा राहतो, म्हणून वीट आधी भिजवायची. एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत तिथेच फाटते. कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत वापरावा. एका दिवसात पाच फुटांपेक्षा उंच चढू नये. पुढे निदान सात दिवस पाणी मारावे. शिकणाऱ्याला आधी दोरीला धरून मधल्या विटा लावायला देतात. कोपरा शेवटी, कारण सगळी भिंत कोपऱ्यावरून ओळंब्यात येते. आमच्या उपासनामंदिराच्या मागल्या खोलीचा गिलावा दुसऱ्याच पावसाळ्यात सुटला. काम करणारा माणूस आळशी नव्हता. पाणी का मारायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि पैसे देणाऱ्या आम्हा पंचांनाही ते विचारायचे सुचले नाही.

आईबापांना माहीत असाव्यात अशा दोन वाटा आहेत. एक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय.; तेथे बांधकामाशी संबंधित धंदेही शिकवतात, मात्र आपल्या गावच्या संस्थेत कोणते आहेत ते जाऊन विचारावे. दुसरी, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची. तीत रीतसर करार होतो, ठरलेले विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर ते तिच्या इच्छेवर आहे. अडचण इथेच आहे. आपल्या गल्लीतला मिस्त्री दोन-तीन माणसांनिशी काम करतो. तो कायद्यात बसत नाही, आणि बहुतेक मुले तर त्याच्याच हाताखाली जातात. तिथे शिकणे न शिकणे मिस्त्रीच्या मनावरच.

मंगळुरी कौले आपण सगळे जाणतो. त्यांचा मंगळूरचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली काढला. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचा पोटाचा धंदा सुटला, त्यांच्या हाताला काम शिकवावे हा एक हेतू त्यामागे होता. लॉरी बेकर यांचे उदाहरण याहून मला आवडते. हे इंग्लंडमधले वास्तुशिल्पी १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या मिशनच्या कामासाठी भारतात आले. पुढे पिथोरागढच्या डोंगरात राहिले, तेव्हा विलायतेतली विद्या तिथल्या माती-दगडापुढे अपुरी पडली, म्हणून ते गावच्या कारागिरांकडून शिकले. नंतर केरळात त्यांनी कितीतरी गवंडी तयार केले. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. आधी शिकाऊ, मग गुरू!

आमच्या मंडळीत एक वृद्ध मिस्त्री आहेत. उपासनेत ते शेवटच्या बाकावर बसतात. त्या मुलाला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला कोणी शिकवलं नाही, चोरून शिकलो. याला का शिकवू?” मी ३४ वे वचन काढून दिले. चष्मा नव्हता, म्हणून मुलानेच वाचून दाखवले. दुसऱ्या सोमवारपासून तो त्यांच्याबरोबर जातो. वडील अजून माझ्याशी जेमतेम बोलतात.

शिक्षकांसाठी सूचना : हा पाठ घेताना ओळंबा वर्गात न्यावा. आमोस ७:७ वाचून घ्यावे आणि मुलांकडून वर्गाच्या दाराची चौकट तपासून घ्यावी. दोरी वर व खाली चौकटीपासून सारख्या अंतरावर आहे का, ते त्यांनीच मोजावे. आमच्या वर्गाची चौकट अर्धा इंच झुकलेली निघाली.