नववीच्या मुलीला परदेशी शिष्यवृत्ती मिळू शकते का?

प्रश्न : माझी मुलगी पाथर्डी तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला आहे. परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती वाचावी तर ती सगळी पदवीनंतरची. शाळकरी वयात सरकारच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खर्चाने परदेशात जाता येते का? आमची शेती कोरडवाहू आहे, पदरचे लाखो रुपये घालणे जमणार नाही.
— एक पालक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : जाता येते. जागा मोजक्या आहेत आणि वाटा आडवळणाच्या आहेत, पण त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीलाही खुल्या आहेत.

तुमचे निरीक्षण मात्र बरोबर आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते, तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या शिक्षणासाठी. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेही बी.ए. झाल्यावर. मोठा पैसा पदवीच्या पुढेच खर्च होतो, ही रीत आजही फारशी बदललेली नाही. ती बदलावी असे मला मनापासून वाटते, कारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाहिलेले जग माणसाच्या अंगात मुरते.

तुमच्या मुलीसाठी सर्वात जवळची वाट तिच्या शाळेतूनच निघते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ ही योजना आहे. शाळेने विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झाली की नमुना तयार करण्यासाठी विद्यार्थ्याच्या खात्यात १० हजार रुपये जमा होतात. मग जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन. राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या मुलांना जपानच्या ‘साकुरा सायन्स’ कार्यक्रमातून तिकडच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठे पाहायला नेले गेले आहे. या कार्यक्रमातून केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालयांतलीही मुले गेली आहेत. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. खुरपणी, पाणी, कांद्याची साठवण यांतली अडचण तुमची मुलगी रोज पाहते. अशा योजनेला हवी असते ती नेमकी अशीच कल्पना. खेदाची गोष्ट ही, की शाळेने नावच नोंदवले नाही म्हणून कितीतरी मुलांची कल्पना वहीतच राहते.

दुसरी वाट लांबची, पण फार मोलाची. युनायटेड वर्ल्ड कॉलेज या चळवळीची पहिली संस्था १९६२ साली वेल्समध्ये सुरू झाली. आज तिच्या १८ शाळा-महाविद्यालये निरनिराळ्या देशांत आहेत आणि त्यांतले एक आपल्याच राज्यात, पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, १९९७ पासून चालू आहे. अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे अनेक देशांतली मुले एकत्र राहून पुरा करतात. भारतातल्या मुलांची निवड भारतातली समिती करते आणि त्यांतली काही परदेशातल्या महाविद्यालयांत जातात. घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती ठरते, काहींचा सगळा खर्च त्यातून भागतो. अर्ज दहावी-अकरावीच्या सुमारास करायचा असतो, म्हणजे तुमच्या हाताशी तयारीला वेळ आहे. शिकवणे इंग्रजीतून असते. मराठी माध्यमाच्या मुलीने त्याची धास्ती घेऊ नये, पण तयारी मात्र आजपासून करावी : रोज थोडे इंग्रजी वाचायचे, कुणाशी तरी बोलायचे, आणि गावातल्या एखाद्या प्रश्नावर स्वतः काही करून पाहायचे. निवड करणारे गुणपत्रिकेच्या पलीकडे तेच शोधतात.

गणित-विज्ञानात ती खरोखर पुढे असेल तर ऑलिम्पियाड ही आंतरराष्ट्रीय स्पर्धाही आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्याच्या देखरेखीखाली परीक्षांच्या पायऱ्या पार होतात आणि शेवटी भारताचा संघ निवडला जातो. गणिताच्या संघात सहा जण असतात. त्यांचा परदेश प्रवास सरकारी खर्चाने होतो. ही चाळणी अतिशय बारीक आहे, तेव्हा परदेश डोळ्यांपुढे ठेवून यात उतरू नये. गणिताची गोडी असेल तर जरूर उतरावे.

रोटरीच्या युवा देवाणघेवाणीत १५ ते १९ वयाची मुले परदेशी कुटुंबांत राहून तिथल्या शाळेत जातात. राहणे-जेवणे यजमानांकडे असते, पण विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांचा खर्च साधारणपणे घरच्यांनाच करावा लागतो. तुमच्या परिस्थितीत हा भार मोठा आहे.

आणि एक सावधगिरी. ‘तुमच्या पाल्याची आंतरराष्ट्रीय सहलीसाठी निवड झाली आहे’ असे सांगून दीड-दोन लाख भरायला लावणारी पत्रे शाळाशाळांतून फिरतात. ती विकत घेतलेली सहल असते. शिष्यवृत्तीत खर्च कोण करणार, कशाकशाचा करणार हे लेखी मिळते. तसे लेखी नसेल तर सही करू नका.

आता कागदपत्रांकडे वळा. मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख हे जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर अक्षर न् अक्षर जुळते का, ते पाहा. दुरुस्ती दहावीच्या आधी करून घेतलेली बरी, नंतर बोर्डाच्या प्रमाणपत्रापर्यंत धावाधाव होते. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षे चालतो, पंधरा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचाही काढता येतो, त्यामुळे तो फार आधी काढायची घाई नको. त्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि यंदा शाळेने इन्स्पायरची नोंदणी केली आहे का, एवढे विचारा.