मधमाशांचा उन्हाळा

१९३४ साली गांधीजींनी आपल्या वर्ध्यात ग्रामोद्योग संघ काढला. तिथे मधमाशा पाळायलाही शिकवत. आमच्या घरीही एक मधपेटी आहे.

फाल्गुनात फुले पुष्कळ असतात. माशा वाढतात, पेटी अपुरी पडते. मग पोळ्याच्या खालच्या कडेला मोठे राणीघर लोंबते. म्हणजे जुनी राणी निम्म्या माशा घेऊन उडून जाणार! म्हणून बाबा दर आठ दिवसांनी पेटी पाहतात. राणीघर दिसले तर ते पोळे माशांसकट दुसऱ्या पेटीत ठेवतात. एकीच्या दोन पेट्या होतात.

वैशाखात फुले कमी होतात. मागच्या वर्षी आम्ही सगळा मध काढला. माशा उपाशी राहिल्या आणि एक दिवस पेटी रिकामी! आजी म्हणाली, "वासराले ठेवूनच दूध काढतात ना, बाबू?"

यंदा नव्या माशा आणल्या. मध थोडा राखला. पेटी कडुनिंबाच्या सावलीत ठेवली, वर ओले पोते टाकतो. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत, त्यामुळे मुंग्या चढत नाहीत. प्यायला परातीत पाणी व खडे ठेवतो. खडे नसले तर माशा बुडतात. परात भरायचे काम माझे.

चैत्र संपत आला, माशा अजून आहेत. मित्रांनो, मोहोळाला दगड मारू नका. तुम्हीही अंगणात पाणी ठेवा.