कळपातील इन्फ्लुएंझाचे निर्मूलन

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे 2012 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकांसमोरील एक प्रश्न आपण पाहू. इन्फ्लुएंझा झालेले डुक्कर साधारणतः आठवड्याभरात बरे होते. तरीही पैदाशीच्या कळपातून रोग जात नाही. कारण सतत जन्मणारी पिल्ले व बाहेरून आणलेल्या माद्या विषाणूला नवा आश्रय देतात. म्हणून काही महिने नवी जनावरे आणू नयेत, लस उपलब्ध असल्यास सर्व माद्यांना द्यावी, दूध तुटलेली पिल्ले दूर हलवावीत. पिल्लांच्या तपासण्यांत विषाणू न आढळल्यासच कळप रोगमुक्त मानावा.

2009 च्या जागतिक साथीचा विषाणू डुकरांतील विषाणूंपासूनच उद्भवला होता. माणसाकडूनही डुकरांना लागण होते. म्हणून आजारी कामगाराने कळपात जाऊ नये.

पाठगत प्रश्न
डुक्कर बरे झाले तरी कळप रोगमुक्त का होत नाही?