पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे लेबल : आकड्यांमागील अर्थ

म्हैसूर येथील चेलुवांबा महालात 1950 साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची स्थापना झाली. शेंगदाण्याचे तेलविरहित पीठ व हरभऱ्याचे पीठ एकत्र करून, त्यास जीवनसत्त्वे व खनिजांची जोड देऊन तयार केलेले ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’ हे या संस्थेच्या आरंभीच्या काळातील परिचित कार्य होय. केवळ प्रथिने पुरवून आहार पूर्ण होत नाही, हे त्यामागील तत्त्व पाळीव श्वान व मार्जार यांच्या तयार खाद्यासही तितकेच लागू पडते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 मधील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. श्वान व मार्जार यांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 11968 हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे पशुपालकाने लेबल स्वतः समजून घेणे अगत्याचे ठरते.

‘क्रूड प्रोटीन’ म्हणजे काय?

लेबलवरील प्रथिनांचा आकडा प्रथिने प्रत्यक्ष मोजून काढलेला नसतो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये मांडलेल्या पद्धतीसारख्या चाचणीने खाद्यातील नत्र मोजले जाते व त्यास सामान्यतः 6.25 ने गुणले जाते. हे नत्र मांसातील, सोयाबीनमधील की अन्य पदार्थातील, हे त्या आकड्यातून कळत नाही. 2007 साली अमेरिकेत याचे गंभीर परिणाम दिसले. चीनमधून आयात झालेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले आढळले. मेलामाइनच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश नत्र असल्याने प्रथिनांचा आकडा फुगला. मात्र असे खाद्य खाल्लेल्या अनेक श्वान-मार्जारांची मूत्रपिंडे निकामी झाली.

तुलना शुष्क पदार्थावर करावी

कोरड्या खाद्यात प्रथिने 24 टक्के व पाणी 10 टक्के आहे, तर डब्यातील ओल्या खाद्यात प्रथिने 8 टक्के व पाणी 80 टक्के आहे, असे मानू. वरवर पाहता पहिले तिप्पट पौष्टिक भासते. परंतु पाणी वजा केल्यावर पहिल्यात 24 भागिले 90, म्हणजे सुमारे 26.7 टक्के, आणि दुसऱ्यात 8 भागिले 20, म्हणजे 40 टक्के प्रथिने येतात. खर्चाचा हिशेब मात्र वेगळा असतो. एक किलो कोरड्या खाद्यातून 240 ग्रॅम, तर एक किलो ओल्या खाद्यातून 80 ग्रॅम प्रथिने मिळतात.

कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेला नसतो. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, पाणी व राख यांची बेरीज 100 मधून वजा केल्यास त्याचा अंदाज येतो. वरील कोरड्या खाद्यात स्निग्ध पदार्थ 12, तंतू 4 व राख 8 टक्के असल्यास कर्बोदके सुमारे 42 टक्के ठरतात.

घटकसूचीचे वाचन

घटक सामान्यतः प्रक्रियेपूर्वीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने दिले जातात. ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे 70 टक्के पाणी असते. त्यामुळे यादीत ते प्रथम असले तरी वाळवल्यानंतर त्याचा वाटा बराच घटतो. तसेच मका, मक्याचे ग्लुटेन व मक्याचा कोंडा हे वेगवेगळे लिहिल्यास प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो. त्यांची बेरीज मांसापेक्षा अधिक असू शकते.

प्रजाती व वय

अमेरिकेतील आफ्को या संस्थेच्या निकषांनुसार शुष्क पदार्थावर प्रौढ श्वानास किमान 18 टक्के, वाढत्या पिलांस 22.5 टक्के, तर प्रौढ मार्जारास 26 टक्के प्रथिने आवश्यक मानली जातात. मार्जारास टॉरिन हे द्रव्य शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हे 1987 मधील संशोधनातून पुढे आले. बीटा-कॅरोटिनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनविण्याची क्षमताही मार्जारात नसते. म्हणून श्वानाचे खाद्य मांजरास नित्य देऊ नये. शाकाहारी कुटुंबांनी हा भेद विशेष ध्यानात घ्यावा. मोठ्या जातीच्या पिलांस वरून कॅल्शियमची भुकटी देणेही घातक ठरू शकते. अशा खाद्यात शुष्क पदार्थावर कॅल्शियमची कमाल मर्यादा 1.8 टक्के मानली जाते.

‘संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख व तो कोणत्या वयोगटासाठी आहे, हे अवश्य पाहावे. ‘पूरक’ अथवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले पदार्थ दैनंदिन उष्मांकाच्या 10 टक्क्यांपलीकडे नसावेत.

साठवण

1974 साली राजस्थान व गुजरातमधील आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिनमुळे यकृतविकाराची साथ उद्भवली. माणसांसोबत पाळीव कुत्रीही त्यात दगावली. मका व शेंगदाणा हे या विषाचे प्रमुख वाहक होत. म्हणून पावसाळ्यात सुट्या, उघड्या गोणीतील खाद्य घेणे टाळावे. उत्पादनाचा महिना व वर्ष, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता तपासावा. खाद्य मूळ पिशवीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पिशवीवरील बॅच क्रमांक तक्रारीच्या वेळी उपयोगी पडतो. वास कुबट आल्यास खाद्य वापरू नये. मात्र वास नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. भूक मंदावणे, उलट्या किंवा डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसताच खाद्य थांबवून, पिशवीसह पशुवैद्यकांकडे जावे.