मातृऋण

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार नावाचा एक तरुण राहत असे. १९७४ साली त्याची आई कर्करोगाने मरण पावली. गेलेली माता परत आणणे कोणाच्याही हाती नव्हते. परंतु इतरांच्या माता वाचाव्यात म्हणून झटणे त्याच्या हाती होते.

१९८० साली त्याने एक सायकलयात्रा काढली. स्प्रिंगफील्डहून समुद्रकाठच्या प्रोव्हिन्सटाउनपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरांचा पल्ला होता आणि सायकलस्वार होते अवघे ३६! स्वारांनी कष्ट सोसावेत व त्यांच्या आप्तेष्टांनी त्या कष्टांचा मान राखून यथाशक्ती देणगी द्यावी, अशी योजना होती. त्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. ते बोस्टन येथील कर्करोगसंस्थेच्या निधीस अर्पण करण्यात आले.

एवढ्या भयंकर रोगापुढे ही रक्कम ती केवढी! तरीही यात्रा थांबली नाही. वर्षानुवर्षे सायकलस्वार वाढत गेले. रोगातून बरे झालेलेही त्यांत सामील झाले. ‘पॅन-मॅस चॅलेंज’ या नावाने चालणाऱ्या ह्या यात्रेने २०२४ पर्यंत एकूण शंभर कोटी डॉलरांहून अधिक निधी उभा केला.

दुःख कवटाळून बसले, की ते एकट्याचेच राहते. कामाला लावले, की ते अनेकांच्या उपयोगी पडते.

स्वाध्याय : बिली स्टारने मातृऋण कसे फेडले, ते तुमच्या शब्दांत लिहा.