लाकडाला कुंपण

हिवरखेड हे गाव अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. गावाच्या नावातच हिवर आहे. हिवर म्हणजे काटेरी झाड. अशा झाडांची काटी तोडून आपण धुऱ्यावर कुंपण घालतो. ढोरं आत शिरू नयेत, एवढेच त्याचे काम. आज आपण दुसरेच एक कुंपण पाहू या. ते सुताराच्या टेबलावर असते, आणि एका दिवसात घरी बनते.

पूर्वी सुतार हा गावचा बलुतेदार होता. तिफण, वखर, डवरा तोच करी. खळ्यावर त्याला धान्य मिळे. वाकस, करवत, पटाशी, रंधा ही त्याची हत्यारे. खिडकीच्या झडपेत काच बसायची खाच तो हाताने काढी. त्यात वेळ फार जाई. आता पुष्कळ सुतारांकडे राउटर नावाचे विजेचे यंत्र असते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामही धरलेले आहे. हत्यारांसाठी तीत 15,000 रुपयांपर्यंत मदत ठेवली होती.

राउटरचे पाते मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेते. खाच घटकेत निघते. पण हाताने धरलेले यंत्र जरा हलले की खाच वाकडी होते. सागाची फळी वाया गेली तर सुताराची मजुरी गेली, असेच समजा. म्हणून यंत्र टेबलाखाली उलटे बसवतात. पाते टेबलाच्या भोकातून वर येते. मग यंत्र जागेवर राहते, आणि लाकूड सरकवावे लागते. आता लाकूड सरळ कसे सरकावे? त्यासाठी आधाराला एक आडवी पट्टी लागते. दुकानात तिला फेन्स म्हणतात. आपण आडपट्टी म्हणू.

विकतची आडपट्टी महाग पडते. घरी करायला 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे दोन तुकडे पुरतात. दोन्ही चार इंच रुंद आणि टेबलापेक्षा थोडे लांब घ्यावेत. एक आडवा ठेवावा, दुसरा त्याच्या कडेला उभा जोडावा. मागून तीन-चार तिकोनी गुटके लावावेत, म्हणजे उभी फळी मागे कलत नाही. मधोमध, पाते येते तिथे, दोन्ही तुकड्यांना खाच ठेवावी. फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरावे. स्क्रूची डोकी लाकडात बुडालेली पाहिजेत. साधे लाकूड का नको? पावसाळ्यात ते ओल धरते आणि वाकते. प्लायवुड त्या मानाने कमी वाकते.

फळीची कड सरळ आहे का, हे कसे ओळखावे? कडेला लावून कागदावर एक रेघ ओढा. मग फळी उलटवून तीच कड त्याच रेघेला लावा आणि पुन्हा ओढा. दोन रेघा एक झाल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर कड वाकडी आहे. उभी फळी काटकोनात आहे का, ते गुण्याने पाहावे. थोडा फरक असेल तर सांध्यात कागदाची घडी घालून स्क्रू कसावेत. आम्ही हा उपाय ऐकला तेव्हा हसलो होतो. पण तो चालतो.

आडपट्टी टेबलावर दोन शिकंज्यांनी आवळतात. ती टेबलाच्या कडेला समांतर नसली तरी बिघडत नाही! पाते गोल असते आणि एकाच जागी फिरते. पात्यापासून पट्टीचे अंतर तेवढे बरोबर पाहिजे. पाते मधोमध असेल तर एक टोक आवळून ठेवा, दुसरे सैल करा. सैल टोक 2 मिलिमीटर सरकवले की पात्यापाशी 1 मिलिमीटरच सरकते. बारीक माप असे साधते.

आता जिवाची गोष्ट. आम्ही एकदा एका सुतारभाऊंच्या टिनाच्या छपरात बसलो होतो. काच दाबायच्या पातळ पट्ट्या करायच्या होत्या. त्यांनी आडपट्टी पात्यापासून दोन बोटे दूर आवळली. पाते आणि आडपट्टी यांच्या मधून पट्टी घातली. एकदम आवाज झाला. पट्टी हातातून सुटली आणि टिनावर आदळली. त्यांचा हात पात्यापाशी ओढला गेला, आणि वीतभर अलीकडे थांबला.

म्हातारे वडील खाटेवरून म्हणाले, "काहून रे, काय झालं?"

"काई नाई बाबा, लाकूड सुटलं."

"सुटू दे लाकूड. बोटं मोज."

असे का झाले? उलटे बसवलेले पाते वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. आडपट्टी पात्याच्या पलीकडे, आपण अलीकडे. लाकूड पात्याच्या आपल्याकडच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे सरकवले तर पाते त्याला विरोध करते. तो विरोध आपल्या हाताला कळतो, म्हणून लाकूड ताब्यात राहते. पण लाकूड पाते आणि आडपट्टी यांच्या मधे गेले तर पाते त्याला पुढे ओढते. मग ते गोफणीतल्या दगडासारखे जाते.

पाते बदलताना प्लग काढलेला असावा. गळ्यात दुपट्टा नको, हातमोजे नकोत. डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क पाहिजे. खोल खाच एका दमात काढू नये, दोन-तीन वेळा काढावी. शेवटची वीत हाताने ढकलू नये, गुटक्याने ढकलावी.

मग पातळ पट्टी कशी करावी? रुंद फळी घ्यावी. आधी तिच्या कडेला राउटरवर खाच काढावी, आणि नंतर पट्टी करवतीने कापून वेगळी करावी. त्या सुतारभाऊंनी उरलेल्या पट्ट्या तशाच केल्या. वडील तोवर खाट ओढून टेबलाजवळ येऊन बसले होते.