वारा छप्पर उचलतो

वारा छप्पर ढकलत नाही, वर ओढून घेतो, ही गोष्ट आमच्या दापोलीकडच्या माणसांना 3 जून 2020 नंतर कोणी समजावून सांगावी लागत नाही. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, खाली मंडणगड, दापोली. वाटेत आलेल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि छपरं गेली. त्यात टाळेबंदी चालू, वीज गेलेली, आणि पाऊस तोंडावर.

आमचं घर जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे लांब पडवी. माजघरावरची कौलं जुनी, पण पडवीवरची उतरवून तिथे थोडे दिवस आधी रंगीत पत्रे घातले होते. कारण एकच, माकडं. फणस धरला की टोळी उतरते, आणि एका उडीत चार कौलं फुटतात. कोकणातली निम्मी कौलारू घरं पावसाने नव्हे, माकडांनी पत्र्याची केली असं म्हटलं तरी चालेल. कंत्राटदार बाहेरचा होता. दिसायला काम झकास, सरळ रेघेत पत्रे, झालर रंगवलेली.

वादळात माजघराचं काय झालं? पागोळीच्या दोन ओळी गेल्या, आढ्यावरचे बरेचसे कोने उडाले, मधली कौलं सरकली पण राहिली. पडवी मात्र पत्र्यांसकट, खालच्या लोखंडी पाइपांसकट उचलली गेली आणि शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडली. जाताना माजघराच्या वाशांची टोकंही मोडून गेली, कारण पडवीचे पाइप त्या वाशांनाच ठोकलेले होते.

वारा निवल्यावर आमच्या सुतारकाकांनी त्यातला एक पत्रा उलटा करून दाखवला. स्क्रू बहुतेक जागच्या जागी पाइपात होते. पत्राच त्यांच्या डोक्यांवरून निघून आला होता. प्रत्येक भोक गोल राहिलं नव्हतं, बोटभर लांब फट झाली होती. तासन्‌तास थडथडून पत्रा त्या जागी फाटत गेला होता. वायसर हातात घेतला तर खडूसारखा मोडला. एका उन्हाळ्यात रबराचं हे झालं. आणि जिथे तीन स्क्रू हवेत तिथे एक होता. पाइप ज्या खांबांवर होते ते खांब नुसते चिऱ्यांच्या जोत्यात सिमेंट ओतून उभे केलेले. खाली धरून ठेवणारं काही नव्हतंच.

हे असं का होतं याचा हिशेब सोपा आहे. ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला सहा किलोच्या आसपास येतो. उताराच्या छपरावरून वारा जाताना कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ जवळजवळ तेवढीच ओढ वरच्या दिशेने लागते, मध्यभागी त्याच्या निम्मी. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, दीडशेच्या घरात लागतात. त्यांचं वजन दर फुटाला साडेतीन किलो धरा. म्हणजे मधली कौलं स्वतःच्या वजनावर कशीबशी तगतात आणि कडेची जातात. आमच्या माजघरावर अगदी तसंच झालं. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन मात्र फुटाला अर्धा किलोसुद्धा नाही. पत्र्याला वजनाचा आधार शून्य, जे काही आहे ते स्क्रूच. त्यात पडवी तीन बाजूंनी उघडी. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम.

म्हणून पत्रे वाईट आणि कौलं चांगली असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे माकडं येतात त्यांनी पत्रे घालावेत, खुशाल घालावेत. पण काम ठरवताना रंग आणि कंपनी विचारण्याआधी बांधणी विचारा. पत्रा पाइपाला धरलेला, पाइप खांबाला, खांब पायाला. ही साखळी कुठेही तुटली तर वरचं सगळं फुकट. पागोळीच्या आणि आढ्याच्या पाइपावर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा, मधल्या पाइपांवर एकाआड एक चालतो. पागोळीच्या बाहेर पत्रा फार काढू नका. झड येऊ नये म्हणून दीड-दोन फूट बाहेर काढतात, आणि वारा पहिला हात तिथेच घालतो. झडीसाठी हवं तर खाली वेगळा पडदा लावा. खांबाच्या तळाला लोखंडी पाटी आणि पायात गाडलेले बोल्ट हवेत. आणि पडवीचं छप्पर माजघराच्या वाशांना जोडू नका. पडवी गेली तर एकटी जावी.

खाऱ्या हवेचं दुखणं वेगळं. ते वादळासारखं एका दिवसात दिसत नाही. रंगीत पत्रे ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या पत्र्यावर चिकटतात, रंगाखालचा जस्ताचा थर जळतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके उमटतात. कातरीने कापायला वेळ लागतो म्हणून कारागीर कुरकुरतात. कुरकुरू द्या. भोकं पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच संध्याकाळी केरसुणीने झाडून काढायला लावा. शिवाय वैशाखातल्या उन्हात पाच मीटरचा पत्रा दिवसा दोनेक मिलिमीटर लांबतो आणि रात्री आखडतो. रोज. स्क्रू ढिले पडतात आणि वायसर चिरतात ते यामुळे. स्क्रू आवळण्याचं काम म्हणूनच एकदाचं नसतं, दर वर्षीचं असतं. गळती दिसली की डांबर थापायची आपल्याकडे सवय आहे. डांबराखाली पाणी अडतं आणि पत्रा आतून कुजतो. वायसर बदला, गरज पडली तर एक नंबर जाड स्क्रू घाला.

कौलारू घरांसाठी खर्च कमी आणि कष्ट जास्त. मंगलोरी कौल उलटं केलं तर त्याला एक कान असतो, त्याला भोक असतं. तार ओवण्यासाठी ते ठेवलेलं असतं, पण आपल्याकडे ते वापरायची रीतच राहिली नाही. सगळी कौलं बांधायची गरज नाही. पागोळीच्या दोन-तीन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढ्याखालची ओळ एवढी रिपेला बांधून घ्या. साधी तार खाऱ्या हवेत लवकर तुटते, तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. कोन्यांखालचा मसाला चिरला असेल तर खरवडून नवा भरा. वासे भालीला नुसत्या खिळ्याने धरलेले असतात, तिथे लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट घ्या. वाशांची टोकं आधी टोचून पाहा. वाळवीने पोखरलेल्या लाकडात बोल्ट घालून काही उपयोग नाही.

कौलं फुटणारच, तेव्हा जुन्या कौलांची एक थप्पी परसात जपून ठेवा. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला पहिला कारखाना काढला, मग एकामागून एक निघाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते पाहूनच नवीन आणा. वेगळ्या साच्याची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्या सांध्यातूनच पाणी शिरतं. वादळानंतर ताडपत्री, पत्रे, कौलं काहीही मागाल तेव्हा मिळत नाही, आणि मिळतं ते अव्वाच्या सव्वा भावाने.

वर चढण्याबद्दल एवढंच: सिमेंटच्या पत्र्यावर कधीही उभं राहू नये. तो आवाज न करता फुटतो आणि माणूस थेट जमिनीवर येतो. फळी टाकून, पाइपाच्या रेषेवरूनच चालावं. सकाळी लवकर चढावं, शेवाळ ओलं असेल तर चढूच नये, आणि घरावरून जाणारी विजेची सर्व्हिस वायर आधी पाहून घ्यावी. मे महिन्यात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कोणी तरी छपरावरून पडतं. ऐन हंगामात मजूर मिळत नाही म्हणून घरातले साठीचे गृहस्थ स्वतः शिडी लावतात. असं करू नका.

मुद्दा वेळेचाही आहे. पूर्वी मृगाच्या आधी, मेच्या शेवटी घर शाकारायची पद्धत होती आणि ती पुरत होती, कारण हिशेब फक्त पावसाचा होता. आता तो पुरत नाही. निसर्ग जूनच्या तिसऱ्या दिवशी आलं, तौक्ते 2021 च्या मेच्या मध्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गला घासून गुजरातकडे गेलं. त्या सुमारास आमच्याकडच्या कित्येक घरांची कौलं परतायला उतरवलेलीच होती. फयान तर 2009 च्या नोव्हेंबरात आलं. अरबी समुद्रात वादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना होतात. तेव्हा शाकारणी अक्षय तृतीयेच्या आत उरकावी आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा कडा, कोने, स्क्रू बघून घ्यावेत. छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्याही तेव्हाच छाटाव्यात. आणि वादळाचा इशारा आला की समुद्राकडची दारं-खिडक्या घट्ट लावाव्यात. तिथून वारा आत शिरला तर छपराला खालूनही रेटा बसतो.

घराचे, छपराचे आतून-बाहेरून फोटो दर वर्षी काढून ठेवा, पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा आधीची अवस्था दाखवता येते. कंत्राटदाराशी ठरवताना किती अंतरावर किती स्क्रू, खांबाला बोल्ट किती, हे कागदावर लिहून घ्या, आणि पैशाचा शेवटचा हप्ता पहिली मोठी सर पडून जाईपर्यंत देऊ नका. गावात चांगला सुतार असेल तर त्याला होळीलाच सांगून ठेवा, वैशाखात तो तुम्हाला मिळणार नाही.